एकाच नंबरावरच्या दोघी

मी एक जुना संगणक आहे, मित्रांनो. रुग्णालयात शिरल्यावर डाव्या हाताला नाव नोंदवायची खिडकी लागते. तिच्या आत गेली चौदा वर्षे मी बसून आहे. माझे एक बटण चिकटते, माझा पंखा घरघरतो, आणि माझ्या डोक्यावर कोणी ना कोणी चहाचा कप ठेवतेच. त्याबद्दल माझी तक्रार नाही. खरे म्हणजे आहे, पण आज वेगळेच सांगायचे आहे.

नवा होतो तेव्हा माझा काय थाट होता! मोठे डॉक्टर स्वतः मला बघायला आले. जुन्या फायलींचे गठ्ठे माझ्या पोटात गेले आणि सगळे म्हणाले, आता चूक व्हायची सोयच नाही. मीही हुरळून गेलो. पण मला जे सांगितले जाते, तेवढेच मला कळते. कित्येकांना आपली जन्मतारीख ठाऊक नसते. मग खिडकीवरच्या ताई अंदाजाने वर्ष धरतात आणि पुढे एक जानेवारी टाकून मोकळ्या होतात. माझ्या नोंदींवर विश्वास ठेवाल, तर निम्मे शहर त्या एकाच दिवशी जन्मले आहे.

शिवाय ताईंची एक सवय होती. रांग लांबली की त्या नाव विचारतच नसत. "मोबाईल नंबर सांगा," एवढेच. मी त्या नंबरावरची नावे दाखवायचो, त्या सगळ्यांत वरच्या नावावर टिचकी मारायच्या, की काम फत्ते.

एका सकाळी एक टेम्पोवाला आपल्या काकूला धरून आत आला. काकू तापाने थडथडत होती. त्याने आपला नंबर सांगितला, इतक्यात बाहेर रुग्णवाहिकेचा भोंगा वाजला. त्याचा टेम्पो दारातच आडवा उभा होता. "आलोच हं काकू," म्हणत तो पळाला.

त्या नंबरावर माझ्याकडे दोघी होत्या, त्याची आई आणि त्याची काकू. आडनाव एक, पत्ता एक, जन्मतारीखही एकच, अर्थात एक जानेवारी. आई दर महिन्याला रक्तदाब तपासायला येई, म्हणून तिचे नाव वर होते.

"ह्याच ना तुम्ही, मावशी?" ताईंनी पडद्यावरची नजर न काढता विचारले.

काकूला कमी ऐकू येत असे, आणि कोणाला पुन्हा बोलायला लावायचा तिला संकोच वाटे. "हो," ती म्हणाली. आईच्या नावाची पट्टी छापली गेली आणि काकूच्या मनगटावर बसली.

 काकूच्या खऱ्या नोंदीत नऊ वर्षांपूर्वी लाल अक्षरांत लिहिलेले होते: पेनिसिलिन देऊ नये. श्वास कोंडतो. जेमतेम वाचली. आईच्या नोंदीत तसले काहीच नव्हते.

समोरच, काचेपलीकडे, तातडीचा विभाग आहे. डॉक्टरांनी पट्टी पाहून नोंद उघडली, ती आईची. "औषधाचा काही त्रास नाही ना?" त्यांनी विचारले. "हो," काकू म्हणाली. त्यांनी पेनिसिलिन लिहिले.

ती लाल ओळ माझ्याजवळ होती, आणि मला तोंड नव्हते! मी जीव तोडून घरघरलो. ताईंनी मला एक चापट मारली आणि पुढच्या माणसाचा नंबर विचारला.

इंजेक्शन घेऊन एक वयस्कर सिस्टर आली. ती कुठलेच काम घाईने करत नाही, म्हणून सगळे तिला हळूबाई म्हणतात. ती काकूच्या कानाशी वाकली. आता ही नाव घेऊन विचारणार आणि काकू पुन्हा "हो" म्हणणार. संपले सगळे, असे मला वाटले.

"मावशी, तुमचं पूर्ण नाव तुम्ही सांगा. मी नाही सांगणार."

काकूने सांगितले. हळूबाईने पट्टी वाचली. पुन्हा वाचली.

"मग हे नाव कोणाचं?" तिने पट्टीवरचे नाव मोठ्याने वाचून दाखवले.

"ते माझ्या जावेचं," काकू घाबरून म्हणाली. "ती तर घरी आहे. तिला काय झालं?"

हळूबाईने इंजेक्शन खाली ठेवले आणि ती चक्क धावत खिडकीशी आली. ताईंनी दुसरी नोंद उघडली. लाल ओळ पडद्यावर आली तशी ताईंना रडूच फुटले. "मी विचारलं होतं हो त्यांना!"

"विचारलं नाहीस," हळूबाई म्हणाली. "तू सांगितलंस, त्यांनी मान डोलावली."

पट्टी बदलली, औषध बदलले. आईच्या नोंदीत घुसलेला काकूचा ताप बाहेर काढण्यात ताईंची सारी दुपार गेली.

मित्रांनो, मी काही विसरत नाही. पण ज्याचे नाव घ्याल, त्याचेच मी सांगतो. म्हणून आपल्या माणसाला घेऊन आलात, तर नुसता नंबर देऊन पळू नका. त्याचे नाव त्याला सांगू द्या, आणि पट्टी एकदा वाचून बघा.

तिसऱ्या दिवशी काकूला न्यायला तिची जाऊ स्वतः आली. माझ्या खिडकीशी वाकून ती ताईंना म्हणाली, "आमचं घर एक, चूल एक, पोरगाही दोघींचा मिळून एकच. पण बाई, जीव तेवढे दोन लिहा."