यंदाचे गराडू

दिवाळी सरली, पहाटे पांघरूण अंगावर ओढून घ्यावंसं वाटू लागलं, की उज्जैनच्या बाजारात गराडू उतरतात. दिसायला असा बेढब, मातकट कंद, की नवख्याने विचारावं, हा खायला आणलाय की जाळायला? पण सोलून, तळून, वर जिरावण मसाला आणि लिंबू पडलं की तोच नवखा दुसरी प्लेट मागतो. नानाखेड्याच्या सुहासरावांच्या घरी गराडू तळायचा मान त्यांचाच. बँकेतून रिटायर झाले, तरी या एका कामात त्यांनी बायकोला, म्हणजे जयूला, कधी झाऱ्याला हात लावू दिला नव्हता.

यंदा मात्र घरात गराडू आला नाही. श्रावणात सुहासरावांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. कॅन्सर. तोंडावाटे पाण्याचा थेंबही नको, असं डॉक्टरांनी बजावलं. पोटात बसवलेल्या नळीतून जाईल तेच जेवण. मग जयूने घरातली फोडणीच बंद करून टाकली. स्वतःसाठी मऊ भात, तोही त्यांच्याकडे पाठ करून, ओट्यापाशी उभ्याने. होतं ते प्रेमच, पण प्रेमाला नेहमी अक्कल असतेच असं नाही.

एका संध्याकाळी ती औषधं आणायला देवास गेटला गेली. कोपऱ्यावर गराडूची कढई चढली होती. इतके दिवस आळणी खाऊन तोंडाची चव गेलेली. पाय आपसूक थांबले. उभ्याउभ्या तिने पानांचा एक दोना संपवला आणि चोरी केल्यासारखं पदराने तोंड पुसलं.

घरी येऊन ती नळीतून दूध द्यायला बसली, तोच सुहासरावांनी तिचा हात धरून नाकाशी नेला.

"गराडू खाऊन आली ना तू?"

"छे, कुठे? दवाईच्या दुकानातून सीधी घरी आली."

"झूठ नको बोलू. गळा कापलाय माझा, नाक नाही कापलं डॉक्टरने." आवाज घोगरा झाला होता, पण खोडी तीच.

जयूला रडूच फुटलं. "चुकलं माझं. आता नाही खाणार कधी."

"खाल्ले त्याचं बुरं नाही वाटलं, जयू. चोरून खाल्ले त्याचं वाटलं. घरात फोडणी नाही, तळण नाही. मी अजून जिंदा आहे, आणि तू सुतकातलं जेवते."

 आपण काय करत होतो, हे जयूला तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला पाच किलो गराडू आणायला लावले. खाज सुटू नये म्हणून हातांना तेल चोळून, खुर्चीत बसून, दम खात त्यांनी एकेक सोलला, फोडी केल्या. मग झारा जयूच्या हातात दिला आणि मंद आचेवर एकदाच, अर्धकच्चे तळून घ्यायला सांगितलं. गार झालेल्या फोडी पिशव्यांत भरून फ्रीजरमध्ये रचल्या.

"अहो, एवढे कोण खाणार?"

"तू. असे ठेवले की होळीपर्यंत टिकतात. खायच्या टाइमाला तेज आचेवर दुसऱ्यांदा तळायचे. शिकून घे नीट."

होळीपर्यंत का, ते जयूने विचारलं नाही. डॉक्टरांनी संक्रांतीपर्यंतचीच आशा दिली होती, आणि ते दोघांनाही ठाऊक होतं. फ्रीजरचं दार लावताना तिला वाटलं, हे दार पुन्हा उघडूच नये.

"आता एक प्लेट तळ आणि माझ्यासमोर बसून खा," ते म्हणाले.

तिने तळले, जिरावण भुरभुरला, लिंबू पिळलं आणि टेबलाशी त्यांच्यासमोर बसली. पहिली फोड तोंडात टाकली. 

"कसा झाला?"

"चांगला."

"चांगला म्हणजे काय? नीट सांग ना."

मग जयूने सांगितलं. वरून करारा झालाय, आत एकदम खव्यासारखा मऊ. मीठ जरा कमी. लिंबू बरोबर.

सुहासरावांनी डोळे मिटले आणि तोंडात काही नसताना सावकाश चावू लागले. समोर जयूही दुसरी फोड चावत राहिली. त्यांचं चावून होईपर्यंत तिने घास गिळला नाही.