छपराला की जमिनीवर

घर उबदार करून देणाऱ्या ग्रॅहमने साधाच प्रश्न विचारला होता, आणि मी उगाचच त्याच्यावर तडकले.

"वरती कुणी राहणार आहे का?" छपराखालच्या लॉफ्टच्या शिडीवरून खाली वाकून तो म्हणाला. "राहणार असेल तर छपराच्या तिरक्या वाशांमध्ये कडक बोर्ड बसवतो, म्हणजे वरची खोली उबदार राहील. नसेल तर खाली जमिनीवर मिनरल वूलचे लोकरीसारखे जाड थर अंथरतो. घर गरम, लॉफ्ट गार. स्वस्तात होईल, आणि लवकर."

"राहणार आहे," मी म्हणाले.

"अजून नक्की नाही," मागून संघर्ष, माझा नवरा, म्हणाला. मी वळून त्याच्याकडे असं काही बघितलं की तो मुकाट्याने चहा करायला निघून गेला.

"ठरवा आणि सांगा," ग्रॅहम म्हणाला. "पण लवकर. सध्या तर वरती काहीच नाहीये. तुमचं सगळं हीटिंग कबुतरांना चाललंय."

"कबुतरांचं मी बघून घेईन," मी म्हणाले. बिचारा निमूटपणे शिडी घडी करून गेला.

वरती काहीच नव्हतं, कारण आम्हीच ते काढलं होतं. लीड्समधलं आमचं हे घर दोन बेडरूमचं. नागपूरहून माझी आई कायमची आमच्याकडे यायची, तिला आमच्या लेकीची, ईशिताची, खोली द्यायची, आणि ईशिताने वर लॉफ्टमध्ये जायचं, असं ठरलं होतं. लेक तर नाचतच होती. खोली बांधायची म्हणून आम्ही तिथलं जुनं, दबून गेलेलं वूल पोत्यांत भरून टाकून आलो. आणि आईचा व्हिसा नाकारला गेला. तिला रोज कुणाचा तरी आधार लागतो हे मान्य, पण लेक पैसे पाठवू शकते, म्हणजे तिथेच बाई ठेवता येते, असं कारण. घ्या! म्हणजे मी कमावती निघाले हाच माझा गुन्हा.

मी पुन्हा अर्ज करणार होते. वकीलबाई उपयोग नाही म्हणाल्या, तरी करणार होते. तोवर लॉफ्टला कुणी हात लावायचा नाही, असं मी घरात जाहीर करून टाकलं. एकदा जमिनीवर ते वूल अंथरलं की पुन्हा कोण उपसणार? मग खोली कसली नि आई कसली. आणि छपराच्या बोर्डांचा खर्च व्हिसा मिळाल्याशिवाय करायला संघर्ष तयार नव्हता. दोन हिवाळे आम्ही तसेच काढले. ईशिताच्या खोलीच्या कोपऱ्यात काळी बुरशी धरली. ती हुडी घालून झोपायची आणि पहाटे खोकायची. ते खोकणं मला भिंतीतून ऐकू यायचं, आणि तरी मी हट्ट सोडला नाही. तिसरा हिवाळा तोंडावर आला तेव्हा संघर्षनेच ग्रॅहमला बोलावलं.

ग्रॅहम येऊन गेला त्या रविवारी जेवणं झाल्यावर आईचा व्हिडिओ कॉल आला. फोन ईशिताने घेतला, अंगावर रजई गुंडाळूनच.

"जय भीम, आजी."

"जय भीम, बाई. अशी गुंडाळून काहून बसली? ताप आहे का?"

"नाही. माझा खोली खूप थंड आहे. मॉम वरती काही लावत नाही. तू येणार ना, म्हणून."

मी तिच्या हातातून फोन ओढून घेतला. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. आई टेलिफोन खात्यातून रिटायर झालेली. समोरच्याला बोलतं ठेवून सगळं काढून घ्यायची तिला सवय. छपराला काय लावतात, जमिनीवर काय घालतात, दोन्ही नाही केलं तर काय होतं, सगळं तिने एकेक करून माझ्याकडून वदवून घेतलं.

"म्हणजे माझ्या नावाने तू पोरीला थंडीत झोपवून राहिली?"

"आई, मी पुन्हा अर्ज करतेय. एवढा हिवाळा जाऊ दे, मग—"

"नको करू."

"असं कसं नको?"

"मला नाही यायचं, शीला." आई शांतपणे म्हणाली. "त्यांनी नाही म्हटलं ना, तेव्हा मला बरं वाटलं."

संघर्ष ताटं उचलत होता, तो जागच्या जागी थांबला.

"अर्जावर सही केली ती तुझ्यासाठी," आई म्हणाली. "तू इतकी धावपळ करत होती, तुला नाही कसं म्हणू? इथे बाई येते, अंघोळ घालून देते. विहारातल्या बायका मला खुर्चीसकट घेऊन जातात. गल्लीतलं सगळं मला कळते. तिथे तुम्ही तिघं सकाळी बाहेर पडले की मी कोणाशी बोलू?"

"मी आहे ना!" मी ओरडलेच.

"तू संध्याकाळी येशील. थकून."

मला रागच आला. "हे तू मला बरं वाटावं म्हणून बोलतेयस. हो ना?"

"तुला बरं वाटून राहिलं का?"

"नाही."

"मग?" आई म्हणाली. "जमिनीवर घालून घे."

फोन ठेवल्यावर मी कपाटाची दारं आपटली, संघर्षला नको ते बोलले. बाबा गेल्यापासून तिचा एकटेपणा मला इथे बसून छळत होता. आणि ती म्हणते, बरं वाटलं! ती खरं तेच बोलली, असं मी धरून चाललेय. दुसरं काही मनात आणलं तर मला जगणं मुश्कील होईल.

पुढच्या आठवड्यात ग्रॅहम वूलचे गठ्ठे घेऊन आला. आधी जमिनीच्या तुळयांमध्ये एक थर, मग त्यावर आडवा दुसरा. मी शिडीखाली उभी राहून वर बघत होते. काम संपल्यावर त्याने तोंडावरचा मास्क खाली ओढला.

"त्या दिवशी तर राहणार आहे म्हणाला होतात ना? मग बदललं कसं?"

"माझी आई येणार होती," मी म्हणाले. "आता येणार नाही."

त्याचा चेहराच उतरला. "आय अ‍ॅम सो सॉरी, लव्ह," इथल्या माणसांच्या सवयीने तो हळूच म्हणाला. "कधी गेल्या?"

"गेली नाही हो. आहे. तिकडे मजेत आहे," मी म्हणाले, आणि मग त्या परक्या माणसासमोर मला जे रडू फुटलं ते काही केल्या थांबेना.