दारातून घेतलेलं माप

झबलं डोक्यातून उतरलं आणि खांद्यावर जे अडकलं ते अडकलंच. बटणाने भोकाड पसरलं. बटण म्हणजे नात. हे लाडाचं नाव आजोबांनीच ठेवलेलं. शिंप्याला दुसरं काय सुचणार!

आजोबांनीच शिवलेलं ते नवं झबलं खांद्यावर टाकून, लेकीला कडेवर घेऊन बटणाची आई तडक बापाच्या दुकानात शिरली. मशीन थांबलं. बाबांनी सवयीने बाह्या मनगटापर्यंत ओढल्या आणि खुर्ची मागे सरकवली.

"बाबा, हे नातीचं आहे की बाहुलीचं?"

त्यांनी झबलं उलटंपालटं करून पाहिलं. कान लाल झाले. "दारातून एवढीशीच दिसली होती गं."

"आणि 'डोळ्याने घेतलेलं माप म्हणजे नुसती अफवा' असं गिऱ्हाइकांना कोण सुनावतं? घ्या टेप."

"तूच घे. कुठून कुठे लावायची ते मी सांगतो."

"तुम्हीच घ्यायचं."

बाबा उगाच कात्री सरळ ठेवत राहिले. मग हळूच म्हणाले, "तुला अंगाखांद्यावर खेळवलं, त्याची फळं तुझ्या कोपरांवर दिसतात. आता हिला नको."

असं होतं तर! बाळंतपणापासून हा माणूस उंबरठ्यावरूनच विचारपूस करून परतायचा, आणि तिला वाटायचं, म्हातारा तुसडा झाला.

"बाबा, सोरायसिस हात लावून होत नाही. डॉक्टरीणबाईंनी मला नीट समजावलंय. त्याचा धोका आईबापाकडून वारशाने येतो. तुमच्याकडून मला आला खरा, पण तुम्ही मला पहिल्यांदा उचललंत त्याच्याही आधी. आणि दादा तुमचाच ना? त्याची कातडी बघा, लोणी!"

"म्हणजे हिलाही..."

इथे मात्र तिने लेकीला घट्ट धरलं. "होईल कदाचित. कदाचित जन्मभर होणारही नाही. माझ्याकडून हिच्यात काय गेलंय, कुणास ठाऊक. पण आजोबा दूर बसले म्हणून ते टळणार आहे का?"

बाबांनी गळ्यातली टेप काढली, परत घातली. हात पॅंटला पुसले, पुन्हा पुसले. मग आपणहून बाह्या वर दुमडल्या. कोपरांवरच्या लाल, खवले धरलेल्या चकत्या उजेडात आल्या. त्यांनी हात पुढे केले.

बटण मांडीवर बसली, टेपचं टोक तोंडात घातलं आणि चिमुकला पंजा नेमका आजोबांच्या कोपरावर टेकवला. बाबा श्वास रोखून तसेच बसले.

बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "छाती किती भरली?"

"थांब गं," ते म्हणाले, "आत्ता कुठे हातात आलीय."