फौजदाराची बरणी

"वहिनी, काहीही होऊ दे, दगडांना हात लागता कामा नये."

जहाजावर जायच्या आधी धाकट्या दिराने हे इतक्यांदा बजावलं होतं, की टाकीपाशी उभं राहिलं की वहिनींना ते त्याच्याच आवाजात ऐकू यायचं. बैठकीच्या खोलीत सोफ्याला लागून त्याची खाऱ्या पाण्याची टाकी होती. चार वर्षं खपून त्याने आत दगड रचले होते आणि त्यांच्यावर आता जांभळी, हिरवी, फुलांसारखी हलणारी प्रवाळं धरली होती. एक दगड ओढला की सगळा डोलारा खाली यायचा आणि प्रवाळं चिरडली जायची. दीर सहा महिन्यांनी परतणार होता. तोवर टाकी वहिनींच्या हवाली.

घोळ केला तो यजमानांनी. पंखे-मिक्सर दुरुस्त करणारा माणूस. माशांच्या दुकानातला पंखा नीट करायला गेले आणि येताना पिशवीभर पाण्यात बोटाएवढा काळानिळा मासा घेऊन आले. "टाकीत निळं काही नव्हतं," एवढंच म्हणाले. पहिले आठ दिवस मासा नव्या नवरीसारखा वागला. मग त्याने डावीकडचा दगड घेतला, मग मधला, आणि महिन्याभरात सगळी टाकी आपल्या नावावर करून घेतली. सासूबाईंनी त्याचं नाव फौजदार ठेवलं.

टाकीत नारिंगी माशांची एक जोडी होती, दिराच्या जिवातली. त्यातल्या नराच्या शेपटीच्या फौजदाराने चिंध्या केल्या. तो बिचारा वरच्या कोपऱ्यात, पाणी उबदार ठेवणाऱ्या नळीमागे अंग चोरून उभा असायचा. खाली उतरायची खोटी, फौजदार अंगावर आलाच. दोन दिवस त्याच्या पोटात काही नव्हतं. असंच चाललं तर तो फार दिवसांचा सोबती नव्हता, हे घरात सगळ्यांनाच दिसत होतं.

यजमानांनी जाळी घेतली. दोन तासांत सोफा भिजला, यजमान भिजले आणि मागे उभं राहून सूचना देणाऱ्या सासूबाई चष्म्यासकट भिजल्या. फौजदार दगडाच्या फटीतून तोंड काढून बघत होता.

"तुला हसतोय तो," सासूबाई म्हणाल्या.

"आई, मासे हसत नाहीत."

"तू आणलेला हसतो."

यजमानांनी जाळी आपटली. "दगडच काढतो सगळे. दहा मिनिटांचं काम. परत जसेच्या तसे रचू."

"चार वर्षांचं काम दहा मिनिटांत जसंच्या तसं?" वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज कधी चढत नसे, त्यामुळे तो नीट ऐकावा लागे. "मला जरा करून बघू द्या, अहो."

वहिनींचा एक नेम होता. अंघोळ, देवापुढे दिवा, मग माशांना दाणे, मग जप. आणि उठल्यापासून जप संपेपर्यंत तोंडातून अक्षर काढायचं नाही. बावीस वर्षांत तो मोडला नव्हता. बाळंतपणातसुद्धा डॉक्टरीणबाईंना त्यांनी खुणेनेच उत्तरं दिली होती. रोज त्याच वेळी, त्याच जागी बसलं की सैरभैर मनही हळूहळू येऊन बसतं, हा त्यांचा अनुभव. मासा काय मनापेक्षा चपळ असणार होता?

त्यांनी सासूबाईंकडे रुंद तोंडाची काचेची बरणी मागितली.

"आणि साखर कशात ठेवू?"

"आठ दिवस पातेल्यात ठेवा."

"मुंग्या लागल्या तर फौजदाराला चहा त्याच साखरेचा," असं म्हणत त्यांनी बरणी रिकामी करून दिली.

वहिनींनी ती नुसत्या पाण्याने खळखळून धुतली, गळ्याला जाड दोरी बांधली आणि टाकीत पुढच्या बाजूला वाळूवर आडवी ठेवली. दोरीचं टोक काठावरून बाहेर. बेत साधा होता. रोज सकाळी दाणे बरणीतच टाकायचे आणि सात दिवस दोरीला हात लावायचा नाही.

पहिल्या दिवशी फौजदार फिरकला नाही. दुसऱ्या दिवशी डोकं घातलं. तिसऱ्या दिवशी सबंध आत गेला, आणि यजमानांनी दोरीकडे झेप घेतली. वहिनींचं मौन होतं. त्यांनी नुसता त्यांच्या मनगटावर हात ठेवला आणि जप संपेपर्यंत यजमानांना स्वयंपाकघरात धुसफुसत बसावं लागलं.

"होता की आत," मग ते म्हणाले.

"अर्धं लक्ष बाहेर होतं त्याचं. एकदा निसटला की जन्मात त्या दारात पाय ठेवणार नाही."

"त्याला पाय नाहीत."

"तुला डोकं कुठाय, तरी संसार चाललाय ना," सासूबाई पातेल्यातल्या मुंग्या वेचत म्हणाल्या.

फौजदार बरणीत जेवत असला की वहिनी वरच्या कोपऱ्यात चार दाणे सोडायच्या. नारिंगी नर त्यातले एकदोन घ्यायचा. तेवढ्यावर तो तगला.

पाचव्या दिवशी फौजदाराने नारिंगी मादीला बरणीच्या तोंडापासून हाकललं. जेवण संपलं होतं, तरी तो आत बसून पहारा देत होता. बरणीही त्याचीच झाली होती. वहिनी मनाशी हसल्या. त्यांना हेच हवं होतं.

सहाव्या दिवशी दुपारी मात्र नराच्या डोळ्याजवळ नवी जखम दिसली, पांढरी, खोल. यजमानांनी बाह्या सरसावल्या. "आता बास. हा मेला तर धाकट्याला काय सांगायचं? दगड वाचवले म्हणून?"

वहिनींच्या हट्टापायी जीव गेला असता, तर पाप त्यांच्याच माथी होतं. "दोन दिवस द्या," त्या म्हणाल्या. "नाही जमलं तर दगड मी काढीन आणि भाऊजींना मीच सांगीन." दुसऱ्या दिवशी सकाळी जप करताना त्यांचा हिशेब दोनदा चुकला.

सातवा दिवस वहिनींचा आठवड्याचा उपासाचा. त्यांनी टाकीलाही उपास घडवला. फक्त कोपऱ्यातल्या आजाऱ्याला दोन दाणे. एका दिवसाने धडधाकट माशांना काही होत नाही, असं दुकानदाराने सांगितलं होतं.

आठव्या दिवशी दिवा लावून त्या टाकीपाशी आल्या, तर फौजदार आधीच बरणीत हजर, तोंड आतल्या बाजूला. वहिनींनी दाणे सोडले. तो तुटून पडला. त्यांनी दोरी दोन बोटांत धरली. तेवढ्यात दारातून यजमान हातात पंख्याचं पातं घेऊन "अगं, तो पाना कुठे" एवढं म्हणाले आणि वहिनींचा उभा तळवा पाहून एक पाय हवेत ठेवून तसेच थिजले.

फौजदार मागे वळला. बरणीच्या तोंडाशी आला. बाहेर नारिंगी मादी दिसली. ती आपल्या दाण्यांवर टपलीय असं त्याला वाटलं असावं. त्याने तिला दटावलं आणि उरलेलं राखायला पुन्हा तळाशी गेला.

वहिनींनी दोरी खेचली. बरणी उभी राहिली, तोंड वर. फौजदार घाबरून खाली दडला आणि पुढच्याच क्षणी, पाणी ठिबकत, सबंध फौजदारी वहिनींच्या दोन हातांत होती. एकही दगड हलला नव्हता.

यजमानांनी पाय खाली टेकला. मग जन्मात पहिल्यांदा त्यांनी बायकोला कोपरापासून हात जोडले. सासूबाई धावत आल्या. वहिनींना कुणाशी बोलायचं नव्हतं, पण चेहरा काही मौन पाळत नव्हता. त्यांनी बादलीत आधीच काढून ठेवलेल्या टाकीच्याच पाण्यात फौजदाराला सोडलं आणि पाटावर बसून जप पुरा केला. त्या दिवशी एकही मणी चुकला नाही.

उठल्या तेव्हा नारिंगी नर नळीमागून बाहेर आला होता. फाटक्या शेपटीने, वाकडातिकडा, पण मधल्या दगडापर्यंत पोहत गेला. मादी त्याच्याभोवती एक फेरी मारून शेजारी थांबली.

"बघा," यजमान म्हणाले. "राज्य परत मिळालं."

सासूबाई मात्र बादलीवर वाकल्या होत्या. फौजदाराचा रंग फिका पडला होता. "कुठे नेणार याला?"

"दातांच्या डॉक्टरांकडे भिंतभर टाकी आहे. सकाळी न्यायला हरकत नाही म्हणालेत. तिथले मासे याच्या दुप्पट आहेत म्हणे, याची दादागिरी चालायची नाही," वहिनी म्हणाल्या.

"म्हणजे तिथे हाच कोपऱ्यात उभा राहील गं." इतके दिवस शिव्या देणाऱ्या सासूबाईंचा आवाज मऊ झाला होता. "त्याला लपायला भोक आहे का, तेवढं बघशील?"

"बघेन, आई. जागा पाहूनच सोडेन. नसली तर परत आणेन, वेगळ्या टाकीत सांभाळू."

"नक्की?"

"नक्की."

यजमान स्कूटरची किल्ली शोधू लागले. वहिनींनी मान हलवली. स्कूटरवर पाणी हिंदकळलं असतं. त्यांनी बादलीवर झाकण सैलसं ठेवलं, भोवती जाड टॉवेल गुंडाळला, चपला घातल्या आणि रस्त्याच्या कडेकडेने, पाणी डुचमळू न देता, सावकाश चालू लागल्या.