हाक मारणारी

मी एक जुनी डायलिसिसची मशीन आहे. पिंपरीतल्या एका धर्मादाय दवाखान्यात खिडकीजवळ उभी असते. मित्रांनो, ज्यांच्या किडन्या थकल्या, त्यांचं रक्त मी गाळून परत देते. नवी आले तेव्हा मला हार घातला होता. आता दुरुस्तीवाला मला पाहून नुसती मान हलवतो.

आठवड्यातून तीनदा जयमाला माझ्याकडे यायची. मूळची लातूरकडची, चाकणच्या कंपनीत गाड्यांच्या वायरी जोडणारी. गळ्यात तुळशीची माळ. चार तास डोळे मिटून नाम घ्यायची. शेजारच्या खाटेवर मोशीचे आबाजी असत. "अजून हाय का?" असं एकमेकांना विचारून दोघं हसत.

एका सोमवारी आबाजींची खाट रिकामी होती. आदल्या रात्री ते वारले होते. जयमालाने माळ काढून पिशवीत टाकली.

"माझ्यापेक्षा त्यांची भक्ती मोठी," ती टेक्निशियन स्वरूपाला म्हणाली. "त्यांचं कुणी ऐकलं न्हाई. मग मी कशाला सुया टोचून घेऊ?"

बुधवारी ती आली नाही. शुक्रवारीही नाही. स्वरूपाने लावलेला फोन नुसता वाजत राहिला. मित्रांनो, रक्त गाळलं नाही तर अंगात पाणी साठतं, छातीपर्यंत चढतं. हे मला ठाऊक होतं, पण मी पडले भिंतीला जोडलेली.

शनिवारी सकाळी नवरा ज्योतीराम तिला धरून घेऊन आला. चेहरा सुजलेला, ओठ काळपट. स्वरूपाने घाईने मला सुरू केलं, आणि नेमकी मी अडले. माझा अलार्म किंचाळू लागला.

"चल गं बाई, आज नको!" स्वरूपा मला म्हणाली. तिनं मला बंद करून पुन्हा चालू केलं. पंप फिरला.

"बरं केलंत, घेऊन आलात," ती ज्योतीरामला म्हणाली.

"मी न्हाई आणलं. तीच म्हणाली, चला."

दोन तासांनी जयमालाला बोलण्यापुरता श्वास आला. "यायचं न्हाई असं ठरवूनच बसले होते. सकाळी दम कोंडला, आन् तोंडातनं 'माउली' निघालं. भरवसा न्हाई, तरी निघालं. ऐकणारं कुणी हाय का, मला ठाऊक न्हाई. पर हाक मारणारीला जगायचंय, एवढं कळलं."

"माळ घालू का गळ्यात?" स्वरूपाने विचारलं.

"राहू दे. आमचं भांडण मिटलं न्हाई अजून. सोमवारी येते मात्र."

सोमवारी ती आली. पुढचं मला सांगता येत नाही. तिचं अंग थकलंय, माझा पंप घरघरतो.

मित्रांनो, 'जगून काय करू?' असं कुणी म्हणालं, तर लगेच दुसऱ्यांचे दाखले देऊ नका. जवळ बसा, ऐका, हाताला धरून डॉक्टरांकडे न्या. आणि माझ्यासारख्या जुन्या मशिनींची दुरुस्ती उद्यावर टाकू नका. त्या शनिवारी मी दोन मिनिटं अडले होते. ती दोन मिनिटं अजून माझ्या अंगावर येतात.