द्यायचं, पण घ्यायचं नाही

दूध-गुळाच्या नातीयाची बशी हातात धरून मार्योरी दानेलीच्या दारासमोर उभी होती आणि दार वाजवायची तिची छाती होत नव्हती. चोवीस डिसेंबरची सकाळ. एरवी या दारात ती कधी थांबलीच नव्हती. ढकलायचं आणि आत शिरायचं, एवढंच तिला ठाऊक. आज मात्र कोपऱ्यावरच्या केळीच्या झाडापर्यंत दोनदा जाऊन परत आली. समोरच्या खिडकीतून कुणी बघतंय असं वाटून तिचे कान तापले. बघत कुणीच नव्हतं, पण काल रात्रीपासून तिला सगळी गल्ली आपल्याकडेच बघतेय असं वाटत होतं.

झालं होतं ते असं.

सोळा डिसेंबर उजाडला की आमच्या गल्लीत पोरांच्या हातावर कुणी विश्वास ठेवत नाही. कुणी पेन पुढे करो, छत्री पुढे करो, चीजचा तळलेला गरमागरम गोळा, बुन्युएलो, अगदी नाकाशी आणून धरो, शहाणं माणूस हात पाठीमागे नेतं आणि म्हणतं, "खाली ठेव." खेळच तसा आहे. द्यायचं, पण घ्यायचं नाही. ज्याच्याशी पैज लागली त्याच्या हातातून चुकून काही घेतलंत की तो ओरडलाच, "माझं अगिनाल्दो!" म्हणजे माझी नाताळची भेट. मग काय, हरलात, आणि पैजेची वस्तू चोवीस तारखेला सगळ्यांदेखत द्यायची. नऊ संध्याकाळी नऊ घरी नोवेनाची प्रार्थना, खुळखुळे, गाणी, दूध-गुळाची नातीया आणि मधूनच ही आरोळी. काल्दासच्या डोंगरातला नाताळ तो हाच.

मार्योरी या खेळात चार वर्षं हरली नव्हती. पंधरा वर्षांची पोर, पण जिंकायची भारी खुमखुमी. तिची आई दोन्या फाबिओला म्हणायची, "संत पेद्रोनं स्वर्गाची किल्ली पुढे केली ना, तरी ही म्हणेल, खाली ठेवा."

यंदा पैज होती दानेलीशी. दानेली म्हणजे तिसऱ्या दारातली, लहानपणापासूनची मैत्रीण. तिची आई रुबिएला सहा वर्षांपूर्वी माद्रिदला गेली, एका अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीची देखभाल करायला. दानेली आजीजवळ वाढली. आणि यंदा, एकदाची, रुबिएला नाताळला घरी येणार होती. दानेली हे दिवसातून दहा वेळा सांगायची आणि कुणालाच त्याचा कंटाळा यायचा नाही.

चर्चच्या पायऱ्यांवर दोघींनी करंगळीत करंगळी अडकवली. साक्षीला गल्लीतला दुबान. त्याची पैज आजोबांशी, तोंडात काडी ठेवायची. आजोबांनी कधीही म्हणावं "काडी!" आणि यानं जीभ काढून दाखवावी. त्यामुळे नऊ दिवस तो बोलायचा तो चावून चावून.

"मी हरले तर माझे स्केट तुझे," मार्योरी म्हणाली.

"आणि मी हरले तर आईच्या बॅगेतून माझ्यासाठी जे पहिलं निघेल ते तुझं."

"मोजे निघाले तर?"

"तर मोजे घाल आणि गप बस."

मग काय, रोजची धमाल. दानेलीनं परीक्षेत खोडरबर पुढे केलं. मार्योरीनं चुकीचं उत्तर तसंच राहू दिलं. मार्योरीनं शेजारचं तान्हं बाळ उचलून दानेलीपुढे धरलं, "अगं घे घे, माझा हात भरून आला!" दानेलीचे हात निम्मे वर गेले होते, पण तिनं जीभ चावली आणि बाळाला म्हणाली, "राजा, तुला खाली ठेवायला सांग हिला." उताराच्या रस्त्यावर स्केट घसरून मार्योरी सपशेल पडली तेव्हा दानेलीनं उठवायला हात दिला. मार्योरीनं तो घेतला नाही. गुडघा फुटलेला, तशीच हसत रांगत उठली.

बघता बघता तेवीस तारीख आली. कुणीच हरलं नव्हतं. दुबान येता जाता टोचायचा, "काय राणीसाहेब, यंदा बरोबरी वाटतं? म्हातारपण आलं." असल्या बोलण्यानं मार्योरीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

त्या संध्याकाळची नोवेना मार्योरीच्या घरी. दोन्या फाबिओलाचा नियम कडक: बाळ येशूसमोर फोन नको. दारातच टोपली, त्यात सगळ्यांचे फोन, टोपली स्वयंपाकघरात फ्रिजवर. दानेली फोन टाकायला तयार नव्हती. माद्रिदच्या घरची माणसं रजेचं पक्कं आज सांगणार होती, पहाटेचं विमान होतं, आणि आईचा फोन कोणत्याही क्षणी येणार होता.

"वाजला तर मी स्वतः आणून देईन, पोरी," दोन्या फाबिओला म्हणाली. तेव्हा कुठे तिनं फोन टाकला.

प्रार्थना सुरू झाली. गव्हाणीच्या देखाव्यापुढे पोरं खुळखुळे घेऊन बसली होती, म्हाताऱ्या खुर्च्यांवर. दानेलीची आजी एर्सिलिया पुढच्याच खुर्चीत, कारण तिला कमी ऐकू येतं. दानेलीचं तोंड प्रार्थनेत आणि डोळे स्वयंपाकघराच्या दाराकडे.

मार्योरी बुन्युएलोंचं ताट आणायला आत गेली. फ्रिजवर टोपली होती. टोपलीत सगळ्यात वर दानेलीचा फोन, कोपरा तडकलेला, हिरव्या कव्हरचा. तो वाजत नव्हता. तिला एकदम सुचलं आणि सुचल्याबरोबर हसू आलं. तिनं एक क्षणसुद्धा विचार केला नाही. निदान तसं ती नंतर स्वतःला सांगत राहिली. पण ते खोटं होतं. एक क्षण केला होता. त्या क्षणी तिला नीट कळलं होतं की ही एकच गोष्ट दानेली नाही म्हणू शकणार नाही, आणि म्हणूनच तिनं ती उचलली.

"दानेली! तुझी आई! माद्रिदहून!"

गाणं मध्येच थांबलं. दानेली उठली ती दोन पोरांना ओलांडून, एकाचा खुळखुळा तुडवून आली आणि तिनं दोन्ही हातांनी फोन घेतला.

"माझं अगिनाल्दो!" मार्योरी किंचाळली.

सगळे हसले. हसणारच, खेळात हसतातच. दुबानच्या तोंडातली काडी पडली आणि त्याचे आजोबा ओरडले, "काडी!" त्यावर आणखी एक हशा. पण दानेलीनं फोन कानाला लावलेला होता. हसण्याच्या गदारोळात ती म्हणत होती, "आई? आई, मोठ्यानं बोल, इथे गोंगाट आहे."

मग एकेकाचं हसू विरत गेलं. शेवटी मार्योरी एकटीच हसत होती, आणि आपण एकटेच हसतोय हे तिच्या उशिरा लक्षात आलं.

एर्सिलिया आजी खुर्चीतून उठून उभी राहिली होती. तिनं छातीवर क्रूसाची खूण केली आणि मोठ्यानं विचारलं, "काय म्हणतेय रुबिएला? निघाली का गं?"

दानेलीनं फोन कानावरून काढला. आजीच्या कानाशी वाकून म्हणाली, "नाही आजी. खेळ होता."

"आँ?"

"खेळ होता, आजी! बस खाली."

दोनदा सांगावं लागलं तिला. तेवढ्या लोकांत, दोनदा. मार्योरीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोन्या फाबिओलानं दानेलीच्या हातातून फोन घेऊन परत फ्रिजवरच्या टोपलीत ठेवला, लेकीकडे असं बघितलं की एक थोबाडीत बसलेली परवडली असती, आणि म्हणाली, "स्वयंपाकघरात जा. बाहेर येऊ नकोस."

मार्योरी चुलीपाशी उभी राहून थंड झालेले बुन्युएलो उगाच उलटेपालटे करू लागली. बाहेर प्रार्थना पुन्हा सुरू झाली, जरा हळू आवाजात. आणि फ्रिजवर काहीतरी घरघरलं. हिरवा फोन. पडद्यावर लिहिलेलं होतं: आई.

ती धावली. "दानेली, आईचा फोन आहे. शप्पथ. खरंच."

दानेलीनं वळूनसुद्धा पाहिलं नाही. नजर गव्हाणीवर, हात मांडीखाली दाबलेले.

"खाली ठेव."

"अगं, बघ तरी, खरंच वाजतोय!"

"किती वेळा, मार्योरी? खाली ठेव म्हटलं ना."

लोक वैतागले होते. कुणीतरी म्हणालं, "पुरे आता, बाई!" मार्योरीनं फोन ठेवायला जागा शोधली. टेबलावर बशा, स्टुलावर मेणबत्त्या, खाली पोरं. शेवटी तिनं तो गव्हाणीतल्या मेंढरांमध्ये ठेवला. तोवर तो थांबला होता. तेव्हा दानेलीनं पडद्याकडे पाहिलं.

तिनं उलट फोन लावला. चार वेळा. कुणी उचलला नाही. मग एक आवाजी निरोप आला, तो ऐकायला ती रस्त्यावर गेली. मार्योरी दारापर्यंत गेली, पुढे नाही गेली. तरी तिला ऐकू आलं. रुबिएला कुजबुजत होती, जवळच कुणी आजारी झोपलंय अशा आवाजात. म्हातारीची तब्येत बिघडली. घरचे सोडत नाहीत. दोन मिनिटं मिळाली होती, तू उचलला नाहीस, राणी. खोकं पाठवलंय, आपल्या गल्लीतल्या अल्बेइरोचा भाचा घेऊन येतोय. रडू नकोस. आजीला हळू सांग.

तर अशी ही कालची गोष्ट, आणि आज सकाळी ही नातीयाची बशी.

दार शेवटी आतूनच उघडलं. एर्सिलिया आजी, हातात झाडू.

"अगं बाई, मार्योरी! बाहेर काय उभी? आण इकडे. खोबऱ्याची केलीय का?" आजीनं बशी घेतली, तिच्या गालावरून हात फिरवला. "दानेली झोपलीय, पोरी. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. रुबिएला येत नाहीये ना."

कालचं तिनं मनात ठेवलंच नव्हतं. तेच मार्योरीला सहन होईना. आजीनं चार शब्द सुनावले असते तर ती तिथेच रडली असती आणि मोकळी झाली असती. दानेलीला सांगा मला माफ कर म्हणून, एवढंच बोलायचं होतं. घरून पाठ करून आली होती.

"दालचिनी जरा जास्त पडलीय," ती म्हणाली आणि पळाली.

शेवटची नोवेना आजीच्या घरी होती. मार्योरीनं पोट दुखतंय म्हणून पाहिलं. आई म्हणाली, "दुखू दे. चल." ती स्केट पिशवीत घालून घेऊन गेली. म्हटलं, आपणच देऊन टाकू, हरलो म्हणू, काहीतरी म्हणू.

खोकं दुपारीच आलं होतं. पलंगावर उघडं पडलं होतं. प्रार्थनेआधी, सगळे जमल्यावर, दानेली आतून आली. डोळे सुजलेले, पण केस नीट विंचरलेले. हातात एक निळा लोकरी स्वेटर होता, हातानं विणलेला. एक बाही किंचित लांब. रुबिएलानं म्हातारीच्या उशाशी जागताना विणला असणार, एरवी कुठे वेळ मिळतो तिला.

"हे पहिलं निघालं," दानेली म्हणाली आणि तो मार्योरीपुढे धरला. "तुझं अगिनाल्दो."

दुबान आपल्या बुटांकडे बघत राहिला.

"मला नको," मार्योरी म्हणाली. "ते खरं जिंकणं नव्हतं. मी स्केट आणलेत, बघ."

"ओरडलीस ना सगळ्यांसमोर? मग सगळ्यांसमोर घे."

मार्योरीनं हात पुढे केले. आणि घेता घेता तिच्या मनात एक आशा चमकली. खेळ चोवीसच्या मध्यरात्रीपर्यंत असतो. मी तिच्या हातातून घेतेय. आता ती ओरडेल, "माझं अगिनाल्दो!" आणि सगळे हसतील, बरोबरी होईल, स्वेटर तिचा तिला परत जाईल, आणि उद्या दोघी उतारावर स्केट खेळू. ओरड ना, ती मनात म्हणाली. मग न राहवून ओठांनीसुद्धा म्हणाली, "ओरड ना, दानेली."

दानेलीनं लोकर सोडली. हात खाली घेतले. ओरडली नाही.

"दानेली, चुकलं माझं," मार्योरी म्हणाली. आता कोण ऐकतंय याची तिला पर्वा नव्हती. "फार वाईट वागले मी. घे ना गं हा परत. तुझ्या आईनं तुझ्यासाठी केलाय." तिनं स्वेटर दोन्ही हातांनी पुढे धरला.

दानेलीनं त्याच्याकडे पाहिलं. मग आपले हात पाठीमागे नेले.

"खाली ठेव," ती म्हणाली, आणि आजीशेजारी जाऊन बसली.

"मापात बसला का गं स्वेटर?" एर्सिलिया आजीनं मोठ्यानं विचारलं. "रुबिएलाला कळवायचंय."

"हो आजी," दानेली तिच्या कानाशी वाकून म्हणाली. "अगदी मापात."

कुणीतरी प्रार्थना सुरू केली. मार्योरीनं स्वेटर ठेवायला जागा पाहिली. तिला तो कुठेच ठेवता येईना. नोवेना संपेपर्यंत ती दारापाशी तो मांडीवर घेऊन बसली होती.