कड दुमडली तेव्हा

मित्रांनो, डिचोलीजवळच्या मये गावात एका अंगणात उभी असलेली जुनी लाल गाडी पाहिलीत, तर ती मीच. माझ्या मागच्या डाव्या चाकाच्या वर करड्या रंगाचा एक डाग आहे. त्याची गोष्ट सांगताना आजही माझा पत्रा थरथरतो.

माझे मालक गोकुळदास मुरगाव बंदरावर नोकरीला होते. संध्याकाळी घरी आले की आधी माझ्या अंगावरची खनिजाची धूळ धूत आणि मगच स्वतः अंघोळीला जात. शेजारी म्हणत, "गोकुळदासाक दोन चेडवां. एक सेजल, दुसरी ही गाडी."

ते निवृत्त झाले आणि मी ताडपत्रीखाली गेले. उंदरांनी माझ्या वायरी कुरतडल्या. आता भंगारवाला येणार, या धास्तीने मी दिवस काढत होते. पण आली ती त्यांची लेक सेजल. तिला नोकरी लागली होती. तिने मला दुरुस्त केले, चकचकीत केले आणि एक दिवस हौसेने रुंद चाके बसवली.

त्या चाकांवर मी ऐटबाज दिसत होते, खोटे कशाला बोलू? पण चाकावरच्या कमानीला, म्हणजे फेंडरला, आतून पत्र्याची एक कड असते. बाहेरून ती दिसत नाही, हाताला मात्र सुरीसारखी लागते. नवा टायर त्या कडेच्या अगदी जवळ आला होता. सेजल एकटी असली की तो कडेला लागत नसे.

मग एका शुक्रवारी सगळे म्हापशाच्या बाजाराला गेले. परतताना गोकुळदास आणि त्यांच्या पत्नी आनंदीबाई मागे बसले होते. डिकीत नारळ आणि केळ्यांचे घड होते. मी ओझ्याने खाली दबले. पहिल्याच खड्ड्यात आवाज आला, खर्र!

"कसलो आवाज गो?" आनंदीबाईंनी विचारले.

"रस्तो वायट आसा, आई."

"हो आवाज रस्त्याचो न्हय," गोकुळदास म्हणाले. "गाडी बाजूक घे."

"उतार सोंपलो की घेतां, पप्पा."

माझीच कड माझ्याच टायरला कापत होती. रबराच्या सालपटांचा वास मला येत होता. थांब, थांब, असे मला ओरडायचे होते, पण माझा ब्रेक माझ्या हाती कुठे असतो? समोरून खनिजाने भरलेला ट्रक चढ चढत होता. तेवढ्यात टायर फुटला.

माझी मागची बाजू फरफटत ट्रककडे वळली. ट्रकचा भोंगा कानठळ्या बसवत होता. सेजलने दात आवळून स्टिअरिंग धरून ठेवले. ट्रक माझ्या आरशाला चाटून गेला आणि मी रस्त्याकडेच्या मातीत जाऊन थांबले.

गोकुळदास उतरले. त्यांनी फाटका टायर पाहिला आणि म्हणाले, "ही गाडी आतां घरांत नाका."

ज्यांनी मला लेकीसारखे जपले, त्यांनाच मी घरात नकोशी झाले! त्या उतारापेक्षाही मी तेव्हा जास्त घाबरले.

"चूक गाडयेची न्हय, पप्पा. म्हजी," सेजल रडत म्हणाली.

स्टेपनी लावून तिने मला डिचोलीत अनिलच्या गॅरेजमध्ये नेले. गोकुळदासही सोबत होते. अनिल बेळगावकडचा. "जुनी चाकं बसवा, नाहीतर ही कड आत दुमडायला पाहिजे बघा," तो म्हणाला. सेजलने गोकुळदासांकडे पाहिले.

"दुमड," ते म्हणाले. "पूण मागीर मागल्या बाकार हांव बसतलों. आवाज आयलो, तर विकली." म्हणजे मागे स्वतः बसून ते माझी परीक्षा घेणार होते.

अनिलने चाक काढून त्या जागी लोखंडी दांडा बसवला. दांड्याच्या टोकाला रूळ होता. गरम हवेने माझा रंग ऊन करत तो रूळ कडेवरून मागेपुढे फिरवू लागला. पत्रा कण्हत आत वळत होता. आता मी फाटणार, असे क्षणोक्षणी वाटत होते. उजवी बाजू नीट झाली. डाव्या बाजूला अनिल थबकला. त्याने लोहचुंबक लावला, तो चिकटेना.

"इथं जुन्या मारावर लांबी, म्हणजे पुट्टी, भरलीय. दाबलं तर फुटणार."

"फुटूं दी," सेजल हळूच म्हणाली. "भितर कितें आसा तें कळूं दी."

लांबीचा खपला पडला. खाली गंज होता. पत्रा आतून खाल्ला जात होता आणि वरून मी चकाकत होते! अनिलने गंज खरवडला, पत्रा सावरला आणि त्यावर करडा रंग दिला.

मग नवा टायर लागला. गोकुळदास मागे बसले, डिकीत सिमेंटच्या गोणी आल्या आणि सेजल मला पुन्हा त्याच उतारावर घेऊन गेली. पहिला खड्डा आला. दुसरा आला, तिसरा आला. आवाज नाही. उतार संपला, तेव्हा तिने आरशातून मागे पाहिले.

"पप्पा?"

गोकुळदासांनी रुमालाने कपाळ पुसले. "घरा व्हर तिका," ते म्हणाले. मी पुन्हा घरी जाणार होते!

मित्रांनो, आम्हाला सजवा, आम्हाला ते आवडते. पण चाक बदललेत, तर घरची माणसे बसवण्याआधी गोणी भरून गाडी एकदा हळू चालवून बघा. कमानीखाली हात घालून कड चाचपा. सेजल दर रविवारी चाचपते. तिची बोटे आत फिरत असतात, तोवर मी जीव मुठीत धरून उभी असते. ती बोटे रबराचा चुरा न लागता स्वच्छ बाहेर आली, की मगच माझा जीव भांड्यात पडतो.